तिघांचे भाडे

गिटार घेऊन रस्त्यावर उभे राहिले की वाहने लवकर थांबतात, असे आम्हांला कोणीतरी सांगितले होते. ते खरे नाही. १९९५ साली पुनरुत्थान सणाच्या दुसऱ्या दिवशी, १७ एप्रिलच्या सोमवारी, आम्ही तिघे वसईकर तरुण लोणावळ्याबाहेर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पाऊण तास हात करीत उभे होतो आणि ट्रकवाले गिटारीकडे पाहून नुसते हसून पुढे जात होते. द्रुतगती मार्ग त्या वेळी नव्हता. तो २००२ साली पूर्ण झाला आणि त्याच्यावर पायी माणसाला पाऊलही ठेवता येत नाही. तेव्हा सारी वाहतूक जुन्याच रस्त्याने चाले आणि घाट चढून दमलेली वाहने लोणावळ्यात थोडी विसावत, एवढीच आमची आशा.

प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस खोळीत पडून असलेली गिटार सणाच्या मिस्सेला बाहेर निघाली होती. ती पुन्हा आत घालावीशी वाटेना. मिळेल त्या वाहनाने मावळात हिंडावे, रात्र पडेल तेथे राहावे आणि पाहुणचाराची परतफेड गाण्याने करावी, असा बेत होता. खिशात पैसे नव्हते असे नाही. परंतु ते खर्चायचे नाहीत, अशी आपसांत पैज होती. विशीतल्या मुलांना गरिबीचाही शौक असतो.

अखेर विटांच्या एका ट्रकने आम्हांला कार्ले फाट्यावर सोडले. पळसाचा बहर ओसरला होता. कोशिंबाला मात्र तांबडी पालवी फुटली होती आणि करवंदीच्या जाळ्यांतून कोकिळ थांबायचे नाव घेत नव्हता. एकवीरेची चैत्रातली जत्रा होऊन गेली होती, तरी पायऱ्यांवर गर्दी होतीच. आमची बोली कानांवर पडताच अर्नाळ्याच्या एका वृद्ध कोळीणबाई थांबल्या. "वसईचेच ना रे तुम्ही?" असे म्हणून त्यांनी आमच्या हातांवर प्रसादाच्या खोबऱ्याचे तुकडे ठेवले. गावच्या माणसाला नाही कसे म्हणावे? रुमालात गुंडाळून ते आम्ही जवळ ठेवले.

मंदिराच्या लगतच ते विख्यात चैत्यगृह आहे. छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे तशाच उभ्या आहेत. खांबांवर दान देणाऱ्यांनी आपले नाव आणि गाव कोरून ठेवले आहे. त्यांत धेनुकाकटाहून आलेले यवनही आहेत. आम्ही तेथे एकच तार हळूच छेडली. तिचा नाद कमानींखाली इतका वेळ रेंगाळला, की दुसरी छेडण्याचा धीर झाला नाही.

कामशेतला पोहोचेतो उन्हे कलली होती. तेथून पवनानगरकडे निघालेला, पेंडीची पोती भरलेला एक टेम्पो थांबला. त्या वाटेवर टेम्पोवाले माणसेही घेतात आणि भाडे आकारतात, हे आम्हांला ठाऊक होते. चालक पन्नाशीचे गृहस्थ. रुमालातले खोबरे दिसताच त्यांनी विचारले, "आईचा प्रसाद काय?" आमच्यापैकी एकाने मान डोलावली. ते खोटे नव्हते. त्यांनी एक तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला आणि म्हणाले, "मग बसा. आईच्या लेकरांकडून भाडं घेत नसतो मी."

आम्ही बसलो. एकमेकांकडे पाहिले आणि काही बोललो नाही.

मुक्कामाचे ठिकाण विचारल्यावर ते आम्हांला आपल्या घरीच घेऊन गेले. त्यांची बरीचशी भातखाचरे पवना धरणाच्या पाण्याखाली गेली होती. तरी घरच्या आंबेमोहोराचा भात, पिठले आणि भाकरी आमच्यापुढे आली. जेवणे झाल्यावर अंगणात शेजारीपाजारी जमले. खोळीतून गिटार निघताच मुले सरकून पुढे बसली. काका म्हणाले, "आता आईचं एखादं होऊ द्या."

वसईतल्या वरातींत एकवीरेची गाणी आम्ही शेकडो वेळा ऐकली होती. सूर बोटांत होते, शब्द तोंडात होते. गायलो असतो तर कोणालाही काही कळले नसते. आमच्यातल्या गिटारवाल्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली. "काका, आम्ही ख्रिस्ती आहोत. देवळात आम्ही गेलो नव्हतो. खोबरं एका आजींनी दिलं."

काका रागावले नाहीत. बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही कोण, याचं काही नाही हो. पण ते भाडं मी आईच्या नावावर सोडलं होतं. आता ते कोणाच्या नावावर लावू?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. एकाने घाईने पाकीट काढले, तर त्यांची वृद्ध आई कडाडली, "ठेव ते आत! जेवल्या ताटावर पैसे दाखवतोस?" शेजारी हळूहळू उठून गेले. गाणे झाले नाही.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. चंद्र उशिरा वर आला. अंगणात तिघेही जागेच पडलो होतो. आमच्यातला एक दोन वर्षे सेमिनरीत काढून आलेला. तो संत फ्रान्सिस झेवियरविषयी बोलू लागला. १५४९ मध्ये जपानात उतरलेले झेवियर क्योतोच्या वाटेवर एका सरदाराच्या पालखीबरोबर नोकरासारखे धावत गेले. १५५१ च्या वसंतात यामागुचीच्या अधिपतीला त्यांनी भेटी दिल्या. त्यांत घड्याळ होते आणि एक तारांचे वाद्यही. हिंदुस्थानातून, बुद्धाच्या देशातून आलेले म्हणून लोकांनी त्यांना बौद्धांचाच एखादा नवा पंथ समजून जवळ केले. झेवियरही देवासाठी 'दाइनिची' हा शब्द वापरीत होते. तो बौद्धांच्या वैरोचन बुद्धाचा वाचक आहे, हे उमगल्यावर त्यांनी आपण होऊन लोकांना कळवले, की त्या नावाची भक्ती करू नका. इतक्या दिवसांचा लोभ त्यामुळे गमवावा लागेल, हे त्यांना दिसत असणारच.

"त्यांना तो अर्थ ठाऊक नव्हता," तिसरा अंधारातून म्हणाला. "आपल्याला होता."

सकाळी चहा पिऊन निघालो तेव्हा काका टेम्पोजवळ उभे होते. आमच्यापुढे हात करून म्हणाले, "कालचं तिघांचं भाडं. पंधरा रुपये." पैज तेथेच मोडली. त्यांनी नोटा मोजून खिशात घातल्या.

"आता चढा. कामशेतला सोडतो."

आम्ही पुन्हा पाकिटाला हात घातला.

"आजचं नको," ते म्हणाले. "आज मला ठाऊक आहे, कोण बसलंय ते." गिटार मागच्या हौद्यात टाकू दिली नाही, पुढे केबिनमध्ये घ्यायला लावली. अर्ध्या वाटेवर, रस्त्यावरची नजर न काढता, म्हणाले, "वाजवा की काहीतरी. तुमचंच वाजवा."