कापसाच्या बर्फाचे गाव

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर नदीच्या काठी फोर्ट लँग्ली नावाचे एक छोटेसे गाव आहे. हडसन्स बे कंपनीने १८२७ साली या भागात आपला व्यापारी किल्ला उभारला आणि १८५८ साली येथेच ब्रिटिश कोलंबिया ही इंग्रजांची वसाहत जाहीर झाली. पण आम्ही उभयता तेथे गेलो ते या इतिहासासाठी नव्हे. खरे कारण सांगताना जरा संकोच वाटतो. हे गाव आम्ही टीव्हीवर इतक्या वेळा पाहिले होते, की ते प्रत्यक्ष पाहिल्यावाचून राहवेना.

२०२३ च्या हिवाळ्यात धाकट्या भावाकडे सरे शहरात तीन महिने आमचा मुक्काम होता. भावाच्या घरी पहिले बाळ आले, म्हणून साठवलेली सारी रजा टाकून गेलो. कॅनडाचा हिवाळा म्हणजे बर्फ, अशी आपली समजूत. पण समुद्राजवळच्या या पट्ट्यात बर्फ थोडा आणि पाऊस फार. डिसेंबरात सव्वाचारलाच सूर्य मावळतो. भाऊ कामावर, बाळबाळंतीण झोपलेली, बाहेर काळोख. अशा वेळी टीव्हीशिवाय सोबत कोण?

तेथे आम्हाला हॉलमार्कचे नाताळ चित्रपट भेटले. हॉलमार्क ही मूळची शुभेच्छापत्रे छापणारी अमेरिकन कंपनी. तिच्या वाहिनीवर २००९ पासून नाताळाच्या आधी दोन महिने अशा चित्रपटांची रांग लागते. काही वर्षी तर एका हंगामात चाळीस नवे चित्रपट आले. एकेक चित्रपट दोन-तीन आठवड्यांत उरकतात. गोष्ट मात्र एकच. शहरात मोठ्या हुद्द्यावरची तरुणी काही कामानिमित्त खेडेगावी येते. तेथे एखादी बेकरी नाहीतर नाताळाच्या झाडांची शेती डबघाईला आलेली असते. मालक चौकटीचा शर्ट घालणारा, बहुधा विधुर, पदरी एक गोड मुलगी. दोघे जवळ येतात तोच कुणीतरी दार उघडतो. मग गैरसमज. शेवटच्या पाच मिनिटांत सारे जुळते आणि नेमका तेव्हाच बर्फ पडू लागतो. आमच्या सौ. पहिल्या जाहिरातीच्या आत सांगत, "हाच तो." एकदाही अंदाज चुकला नाही.

येथे विहारात आम्ही टीव्ही मालिकांवर कडक बोलतो. सासू-सुनांची कारस्थाने, व्रतवैकल्ये, बुवाबाजी यांपासून महिला मंडळाला सावध करतो. आणि तिकडे दिवसाला दोन-दोन चित्रपट! भाऊ रात्री घरी आला की विचारी, "काय दादा, आज कुणाचं लग्न लावलंत?" यात पूजा नाही, नवस नाही, चर्चसुद्धा क्वचितच दिसते, तेव्हा बावीस प्रतिज्ञांना बाधा येत नाही, असा बचाव आम्ही केला. तो पोट धरून हसला.

एवढे आवडण्यासारखे काय होते? त्या चित्रपटांतले गाव पाहावे. अनोळखी बाई गाडीतून उतरते आणि पहिल्याच दारात तिच्या हाती गरम पेला येतो. कुठल्या आळीची, कुणाची, असे कोणी विचारत नाही. संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पिठात हात घालून उभी असते. आमच्या सौ. डोळे पुसत ते येथे. लग्न जुळताना नव्हे. त्यांच्या आईला गावात पाणी मिळे ते ओसरीच्या पायरीखाली उभे राहून, ओंजळीत, वरून ओतलेले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना परखड उत्तर दिले होते. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर म्हणजे खेडे, असे त्यांचे मत. आमच्या वडिलांनी गाव सोडले म्हणून आम्ही बी. कॉम. होऊन कारकून झालो आणि भाऊ कॅनडाला पोचला. या चित्रपटांचा उपदेश नेमका उलटा, शहर सोडा आणि गावी परत या. तो आम्हाला पटत नाही, पटणारही नाही. तरी रोज दोन तास त्या खोट्या गावात जाऊन बसावेसे वाटे. जे गाव आमच्या वाट्याला आले नाही, ते कसे असते एवढे पाहायला.

तर एका रविवारी बस बदलत फोर्ट लँग्लीला गेलो. जुना कम्युनिटी हॉल सौ.नी लांबूनच ओळखला. चित्रपटांत हे गाव अमेरिकेतले म्हणून दाखवतात. पुष्कळसे चित्रण उन्हाळ्यात होते. बर्फ म्हणजे पांढऱ्या कापसासारख्या चादरी, कागद आणि फेस. नट बिचारे भर उन्हात लोकरी कोट घालून कुडकुडल्याचा अभिनय करतात! आम्ही गेलो तेव्हा खरा हिवाळा होता आणि रिमझिम पाऊस. कॉफीच्या दुकानात मुलीने नाव विचारले, पेल्यावर लिहिण्यापुरते. आडनाव नाही.

मुख्य रस्ता संपला की नदीचा एक फाटा आणि त्यावर पूल लागतो. पलीकडे मॅकमिलन बेट. ती या भूमीच्या मूळच्या क्वांटलेन लोकांची राखीव वस्ती. हे लोक किल्ल्यावर सामन मासे आणून विकत. ते मासे खारवून कंपनी परदेशी पाठवी. पुढे १८७६ च्या इंडियन कायद्याने अशा वस्त्यांचा सारा कारभार सरकारच्या हाती गेला. त्यांचा इतिहास वेगळा, आपला वेगळा. उगाच एकाच मापाने मोजू नये. पण गाव येथे आणि मूळचा माणूस पुलापलीकडे, ही मांडणी आमच्या ओळखीची होती.

"अहो, हे कधी दाखवलं नाही," सौ. म्हणाल्या. आम्हीही आठवून पाहिले. बेकरी आठवली, हॉल आठवला, झाडावरचे दिवे आठवले. कॅमेरा पुलाकडे वळल्याचे काही आठवेना.

परतीच्या बसला वीस मिनिटे होती. पाऊस वाढला होता. आम्ही छत्री उघडून पुलावरच उभे राहिलो.