रिपोर्ट नॉर्मल, पोटरी उडतेच

रिपोर्ट नॉर्मल आले की पेशंटने खुशीत घरी जावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण रात्री पाठ टेकली की पोटरीतलं मांस पुन्हा उडायला लागतं. हे दुखणं काढणाऱ्यांपैकी मी एक, आणि माझा राग दुखण्यापेक्षा ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ या निरोपावर जास्त आहे. काही नाही कसं? कातडीखालची ती वळवळ उघड्या डोळ्यांना दिसते, सुई टोचून केलेल्या ईएमजीत, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीत, उमटते. मज्जातंतूचा एखादा धागा आपणहून संदेश सोडतो आणि त्याच्या ताब्यातले स्नायुतंतू एकदम आकसतात, एवढा हा प्रकार. जागरणाने, दमणुकीने, जास्तीच्या कॉफीने, दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलने तो वाढू शकतो. कधी थायरॉईड किंवा मॅग्नेशियमची भानगड निघते, पुष्कळदा काहीच निघत नाही. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. ओपीडीत रांग लागलेली असते, मान्य. पण ही दोन मिनिटं वाचवली की तोच पेशंट दुसऱ्या न्यूरोकडे, मग तिसऱ्याकडे जातो आणि तिथली रांग वाढवतो.

कारण त्याच्या मनात असतो एएलएस, स्टीफन हॉकिंग यांना 1963 मध्ये सांगितला गेला तो आजार. त्याचं नाव पेशंट उच्चारत नाही आणि डॉक्टरही टाळतात. खरं तर नाव घेऊनच बोलायला हवं: त्या आजारात चेतापेशी मरतात, म्हणून ताकद जाते, शर्टाचं बटण लागत नाही, पायातली चप्पल निसटते, मांस झडतं. नुसतं उडणं, आणि तपासणी व बाकीचा ईएमजी नीट, हे चित्र वेगळं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा 121 जणांवर 2 ते 32 वर्षं नजर ठेवली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकालाही तो आजार झालेला नव्हता. ही भीती खुद्द डॉक्टरांनाही गाठते, असं वैद्यकीय नियतकालिकांतच छापून आलेलं आहे. तिथे अडाणीपणाचा प्रश्न येतच नाही.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी मनाचेच खेळ ना? अर्धंच खरं. मांस उडतं ते खरंच उडतं; मन त्यावर पहारा बसवतं. टाचांवर चालून बघणं, चवड्यांवर उभं राहणं, आरशात जीभ काढून निरखणं, दोन्ही अंगठ्यांखालची गादी उजेडात धरून ताडून पाहणं. मुळात दोन्ही हात कुणाचेच सारखे नसतात, त्यामुळे फरक हटकून सापडतो. आणि स्नायूंची अशी परीक्षा घेत राहिलं की ते दमतात, दमलेला स्नायू आणखी उडतो. पेशंटला त्यात पुरावा दिसतो.

इथे माझंच म्हणणं मला थोडं अडचणीत आणतं. माहिती द्या म्हणून मी भांडतो, पण तो 121 चा आकडा रोज उघडून वाचणं हेही अंगठा ताडण्यासारखंच. दिलासा दोन दिवस टिकतो, मग नवा लागतो. त्यामुळे कमी बोलणारे डॉक्टर काही पेशंटांच्या बाबतीत बरोबरही असतील. तरी त्यांनी निदान पुढची तारीख द्यावी, आणि ताकद कमी झाली तर त्याआधी या, असं बजावावं. तारीख हातात असली की रोजची तपासणी तिच्यावर ढकलता येते. माझ्यासारख्याला गोळीपेक्षा ते अधिक लागू पडतं, आणि त्याला वेगळी फी पडत नाही.