वहीत नसलेला बोळ

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "किती फुटावर?" म्हणजे कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती चढली. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली.

आमची मंगळवार पेठेतली गल्ली उंचावर आहे. उंबऱ्याला कधी पाणी लागलं नाही, त्यामुळं खरं सांगायचं तर पूर ही आमच्यासाठी बघायला जायची गोष्ट. त्या वेळी मीही छत्री घेऊन गंगावेशीकडं जाऊन आले होते, जामदार क्लबजवळ पाणी कुठवर आलंय ते बघायला. दोन दिवसांनी नळ कोरडे पडले तेव्हा कळलं की पूर आपल्याही घरात आलाय. तेव्हा शहराला पाणी चढवणारी बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूरची उपसा केंद्रं नदीकाठीच होती. मोटारी आणि पॅनेल सगळं बुडालं. वर शिरोलीजवळ हायवेवर पाणी, त्यामुळं भाजी, दूध, पेट्रोल सगळ्याचीच ओरड. बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही पागोळ्यांखाली घागरी लावून बसलेलो.

आमच्या गल्लीला पाणी सोडणारे चावीवाले मामा होते. खाकी पँट, सायकलच्या दांड्याला बांधलेली टी आकाराची लोखंडी चावी. पहाटे यायचे, रस्त्यातलं झाकण उचलून व्हॉल्व्ह फिरवायचे आणि जायचे. एवढी वर्षं मी त्यांच्याशी बोलले ती फक्त पाणी कमी आलं म्हणून भांडायला. त्या दिवशी ते चावी न घेता आले, टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून. "ताई, चावी नदीनंच फिरवलीया. आता ह्याच्यावर भागवा," म्हणाले. टँकर कळंबा तलावावरून भरून येत होता. संस्थानच्या काळातला तो तलाव नदीवर अवलंबून नाही, म्हणून तेवढा तरी आधार होता. ड्रायव्हर बाहेरगावचा, त्याला पेठ म्हणजे नुसता गुंता. कुठल्या बोळातून गाडी वळते, कुठं मागं घ्यावी लागते, कुठली तार खाली लोंबते, हे मामांना डोळे मिटून माहीत.

पहिला टँकर आमच्या गल्लीत कसाबसा वीस मिनिटं टिकला. तोंडाशी राहणाऱ्या एकानं सरळ मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायला घेतली, मागच्यांना तळ दिसला. शिव्या झाल्या, एक घागर फुटली. तालमीची पोरं मध्ये पडली म्हणून हातघाईवर आलं नाही. तालमीच्या पोरांबद्दल माझं मत तोवर फार बरं नव्हतं. डॉल्बी, वर्गणी, मांडवासाठी अडवलेला रस्ता. त्या रात्री तीच पोरं माझ्या शिवणकामाच्या दुकानाच्या पायरीवर आली. "काकू, तुमच्या बचत गटाची वही हाय न्हवं? कुणाच्या घरात किती माणसं, तेवढं लिवून द्या."

आमचा गट सोळा बायकांचा. वही मीच लिहिते, कारण शिवणकामाच्या मापांमुळं मला आखून लिहायची सवय. रात्री सगळ्याजणींनी घरं वाटून घेतली. माणसं किती, तान्हं मूल आहे का, कुणी अंथरुणावर आहे का. माणशी दोन घागरी ठरल्या. प्रश्न आला चिठ्ठ्यांचा. पावसात कागद टिकेना, खडूनं घागरींवर खुणा केल्या तर त्या धुऊन जायच्या. मग मी बटणांचा डबा काढला. शर्टाचं पांढरं बटण म्हणजे दोन घागरी. कोटाचं मोठं तपकिरी बटण ज्या घरात आजारी किंवा बाळंतीण आहे त्यांना, त्यांनी रांगेत उभं राहायचं नाही, पोरं दारात पाणी नेऊन देणार. दुसऱ्याच दिवशी एका बहाद्दरानं स्वतःच्या शर्टाचं बटण तोडून आणलं. तालमीतल्या पोरानं ते उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "दोरा लोंबतोय की अजून." रांग हसली. तो माणूसही हसला आणि मागं जाऊन उभा राहिला.

पोरांनी दोर लावून रांगा केल्या, मोटारी बंद करवल्या. मामा टँकर आणायचे आणि आधी मला फोन करायचे, "निघालोय, बटणं काढा." असं चार दिवस चाललं. त्याच पोरांतली निम्मी संध्याकाळी हातगाड्या घेऊन शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडं जायची, पाण्यात सापडलेल्या गणपतीच्या मूर्ती उचलून उंचावर ठेवायला. चतुर्थी २ सप्टेंबरला होती, कुंभारांचं वर्षाचं पोट त्यात अडकलेलं. हे मला नंतर कळलं. मी तोवर त्यांना 'कुठं उंडारताय' म्हणून बोलून बसले होते.

मदतीचेही ट्रक यायला लागले. जुन्या कपड्यांचा तालमीत डोंगर झाला, फाटक्या ब्लाउजपासून लग्नातल्या कोटापर्यंत. कुणी हात लावेना आणि का लावावा? अंगावरच्या साडीनिशी घर सोडलेल्या बाईलाही नकोसं वाटेल असं त्यात पुष्कळ होतं. आम्ही सुती तेवढं बाजूला काढलं आणि फाडून पुसणी केली. पाणी ओसरल्यावर सुतारवाड्याकडच्या घरांतला चिखल काढायला तीच गेली. पालिकेच्या सफाईवाल्यांनीही मागून नेली. त्यांच्यात बाहेरच्या महापालिकांतून आलेली माणसं होती, त्यांना हातमोजे मिळाले होते पण फडकी नव्हती.

आता माझी चूक. पाचव्या दिवशी मामांनी टँकरजवळ उभं राहून माझी वही मागितली. वरपासून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, "गिरणीमागचा बोळ कुठाय ह्यात?" नव्हता. तीन घरं, एकाच नळावर. दोन घरं पाहुण्यांकडं गेलेली, तिसऱ्यात म्हातारा-म्हातारी. मी घरं वाटून दिली तेव्हा माझ्या दारापासून सुरुवात केली होती आणि ओळखीच्या दारांवर संपवली होती. तो बोळ कुणाच्याच वाट्याला गेला नव्हता. मामांना आठवला, कारण तिथं त्यांचा एक छोटा व्हॉल्व्ह होता. आम्ही कळशी घेऊन गेलो तेव्हा आजी पावसाचं पाणी साडीच्या पदरातून गाळत होत्या. रागावल्या नाहीत. "आम्हाला वाटलं सगळ्यांनाच न्हाई," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी मामांना चहा दिला, पण त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी २०१९ पेक्षाही वर चढलं. उपसा केंद्रं पुन्हा बुडाली. या वेळी वहीचं पहिलं पान गिरणीमागच्या बोळाचं होतं आणि बटणं मी दोन रंगांच्या धाग्यांत ओवून ठेवली होती. मामा मात्र निवृत्त होऊन गावाकडं गेले होते. नवा मुलगा हुशार, मोबाइलवर नकाशा बघणारा.

पुरानंतर नळ सुरू झाले, सगळीकडं गढूळ का होईना पाणी आलं, बोळात येईना. नव्या मुलाला तो व्हॉल्व्ह सापडेना. मधल्या दोन वर्षांत तिथं कुणीतरी नवी फरशी बसवली होती. तालमीच्या पोरांनी मामांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडून कोंबड्यांचा आवाज आणि मामांचा. "गिरणीच्या भिंतीला पाठ लावून उभा ऱ्हा. आता चार पावलं चाल. थोडं डावीकडं. खाली पहारीनं वाजव. पोकळ वाजतंय?"

वाजत होतं. फरशीचा मालक घरातून ओरडत बाहेर आला, तोवर दुसरी फरशी निघाली होती. झाकण सापडलं, चावी बसली, पाण्याचा खळखळाट आधी जमिनीखाली आणि मग आजींच्या नळाला ऐकू आला. आजोबा त्या वर्षी नव्हते.

फरशीचे पैसे कुणी द्यायचे, तालमीनं, गटानं की पाणीखात्यानं, यावर अजून बोलणं चालू आहे. तो माणूस मला रस्त्यात भेटला की आधी हिशेब विचारतो, मग पाणी किती फुटावर ते.