माप

आमची दुनळी पावसाळ्यात तडकली. नळ्या नव्हेत, दस्ता. चापाच्या मागे लाकूड मुठीत मावेल इतकं बारीक होतं, नेमकी तिथे चीर गेली. बंदूक दुरुस्त करणारे मिस्त्री त्या जागेला मनगट म्हणाले. दस्ता मोडतो तो बहुतेक वेळा मनगटातच. बार उडाला की सगळा धक्का तिथून खांद्याकडे येतो. लाकूड तिथेच सगळ्यात कमी, आणि तेही कळ-चाप बसवायला आतून पोखरलेलं.

तशी ती चीर नवी नव्हती. आजोबांच्या काळापासून तिथे तांब्याची तार गुंडाळलेली होती. लहानपणी मला तो दागिना वाटायचा. नवा दस्ता करा, असं वडिलांना कितीदा सांगितलं, पण ते तारेवरून बोट फिरवत आणि विषय बदलत.

या वेळी मात्र तार तुटली. वाडीतल्या सुतारानं हळहळून सांगितलं, परवानगी असती तर फणसाचा झकास करून दिला असता. पण बंदूक दुरुस्त करायलाही 1959च्या शस्त्र कायद्यानं परवाना लागतो. मग खोळीत घातलेली बंदूक आणि परवान्याचं पुस्तक घेऊन आम्ही बापलेक फोंडा घाट चढून कोल्हापूरला, परवाना असलेल्या त्या मिस्त्रींकडे गेलो. कोकणात अशा बंदुका पुष्कळ घरांत असत, शेतीच्या राखणीसाठी म्हणून. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीच्या गप्पा ओटीवरच्या आठवणींपुरत्या उरल्या. वडिलांनी आयुष्यभर उडवली ती बहुधा आभाळाकडे, डुकरांनी भात सोडून पळावं एवढ्यासाठी.

मिस्त्री मूळचे मुंगेरकडचे. दस्त्याला कुंदा म्हणत. त्यांनी लाकूड लोखंडापासून सोडवलं तेव्हा आतला भाग डांबरासारखा काळा निघाला. नखानं टोकरलं तर भुगा. वडील नेमानं बंदुकीला तेल देत आणि ती खुंटीला नळ्या वर करून टांगत. ते तेल हळूहळू खाली उतरून लाकडात मुरत राहिलं. काळजी घेऊन घेऊन आम्ही तो दस्ता कुजवला होता. खडूची भुकटी लावून, ऊब देऊन तेल ओढून काढता येतं, मग सरस धरतो. पण लाकडात जीव असेल तर. इथे तो नव्हता.

मग मिस्त्रींनी दस्ता डोळ्यांसमोर धरला, सुतार फळीचा बाक बघतो तसा. आणि विचारलं, "साहेब, आपण डावरे का?"

वडील डावरे नाहीत. आजोबा होते. जेवणं-लिहिणं मारून मारून उजव्या हाताला लावलेलं, पण बंदूक डाव्या खांद्याला लागायची. दस्ता नळ्यांच्या सरळ रेषेत नसतो. ज्या खांद्याला लावायचा त्या बाजूला किंचित वळवलेला असतो, म्हणजे गाल टेकला की डोळा आपोआप नळ्यांमधल्या पट्टीवर येतो. हे वळण जेमतेम काही मिलिमीटरचं. आमचा दस्ता डावीकडे वळलेला होता. उजव्या खांद्यानं उडवणाऱ्या माझ्या वडिलांना तो चाळीस वर्षं नेमापासून ढकलत राहिला आणि दर बाराला गालफडावर थप्पड देत राहिला. वाडीत म्हणायचे, बापाचा नेम पोराला लागला नाही.

वडील यावर काहीच बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला फक्त.

नवं लाकूड अक्रोडाचं. आमच्याकडे शिसवाचं कौतुक, पण शिसव जड. अक्रोड हलका असून चिवट, धक्का पचवणारा, आणि एकदा वाळला की फारसा हलत नाही. मिस्त्रींनी ठोकळा उलटसुलट करून आधी मनगटातून रेषा कशी जाते ते पाहिलं. चित्रासारखे भोवरे मागच्या रुंद भागात चालतात, मनगटात रेषा सरळच हवी. मला वाटलं होतं, घडवणं म्हणजे रंधा-पटाशीचं काम. खरं काम काजळीचं. दिव्याची काजळी लोखंडाला फासायची, लाकडात बसवायचं, काढायचं, काळं उमटलं असेल तेवढंच खरवडायचं. परत फासायचं. तासाभरात मी मोजणं सोडून दिलं. लोखंड सगळीकडून सारखं टेकलं नाही तर धक्का एकाच जागी बसतो आणि नवा दस्ताही उभा चिरतो.

पण त्याआधी माप द्यायचं होतं. दस्त्याची लांबी चापापासून टोकापर्यंत धरतात, साधारण 14 इंच. ज्याची बंदूक त्याच्या हाताप्रमाणे कमीजास्त. मिस्त्री टेप घेऊन वडिलांकडे वळले. कोपराच्या खळीपासून बोटाच्या पेरापर्यंत बघायचं होतं.

"माझा माप कित्याक घेतास?" वडील म्हणाले. "ह्येचा घेवा."

मी म्हटलं, परवाना तुमच्या नावावर आहे. ते म्हणाले, आज आहे. जून महिन्यात गणवेशाच्या दुकानातही ते असेच उभे असायचे, वाढत्या अंगाचा द्या म्हणून. तेव्हा बाह्या दोन वर्षं माझ्या बोटांवर येत. एकदा तरी त्यांच्या अंगाचं काही त्यांच्या वाट्याला यावं म्हणून मी हट्ट धरला, आवाजही चढवला. मिस्त्री टेप हातात घेऊन थांबले. शेवटी त्यांनी माझाच हात धरला. दुकानात म्हाताऱ्याचं ऐकायचं, हा त्यांचा नियम असावा.

जवसाच्या तेलाचे हात चढून दस्ता तयार व्हायला महिने लागले. पुढे निवडणूक आली, बंदूक नेहमीप्रमाणे ठाण्यात जमा केली. हवालदारानं नंबर ताडून पाहिला, पावती फाडली. त्याच्या लेखी तीच बंदूक.

जुना दस्ता मिस्त्रींनी वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला होता. मला तो ओटीवर लावायचा होता. पण मागच्या पडवीचं दार वाऱ्यानं आपटतं. मी मुंबईहून गणपतीला गेलो तेव्हा दाराखाली पाचर म्हणून तोच सरकवलेला होता, तांब्याच्या तारेचे दोन वेढे अजून तसेच. वडिलांना म्हटलं, अहो, हा आजोबांचा.

"बरोबर बसता," ते म्हणाले.