गोल्टी

बीएच्या पहिल्या वर्षाला मॅडमनी 'माझं गाव' हा विषय दिला, तेव्हा मी चाकणच्या संग्रामदुर्गावर चार पानं लिहिली. 1660 साल, शाहिस्तेखानाचा वेढा, फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी जवळपास दोन महिने झुंजवलेला किल्ला, शेवटी सुरुंगानं उडालेला बुरूज. आणि सुरुवातीलाच, 'आकाशाला भिडणारा हा गड'. त्या शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ आली. "किल्ल्यात कधी गेलायस?" मॅडमनी विचारलं.

मी त्या तटावर क्रिकेट खेळत मोठा झालो होतो. संग्रामदुर्ग भुईकोट आहे, सपाट जमिनीवरचा. चेंडू तटापलीकडे गेला की उडी मारून आणायचो. तरीही लिहायला बसलो की हात आपोआप आकाशाकडे जायचा, कारण निबंधातले गड तिथंच असतात अशी माझी समजूत होती.

सकाळी भोसरीकडे कॉलेज, तीन वाजता चाकणच्या कंपनीत सेकंड शिफ्ट. मध्ये मोशीचा पूल. ट्रॅफिकमध्ये बस पुलावर थांबली की खाली इंद्रायणी दिसते. पात्राच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. देहूच्या एका वाण्यानं दुकानातले, शेतातले, घरातल्या भांडणातले शब्द जसेच्या तसे अभंगात आणले, हे वर्गात कितीदा ऐकलं होतं. पण आमच्या कंपनीतले शब्द वहीत उतरवायची माझी हिंमत होत नव्हती.

ती हिंमत नारायण सुर्व्यांनी दिली. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला, स्वतः गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई आणि मग मास्तर झालेला हा कवी. 1966 साली आलेलं 'माझे विद्यापीठ' मॅडमनी वर्गात मोठ्यानं वाचलं, तेव्हा मागच्या बाकावर मी ताठ बसलो. त्या रात्री साडेअकराला सुटल्यावर बसमध्ये फोनवरच लिहायला घेतलं: जॉब हातात आला की आधी बोट फिरवतो, कडेवर धातूची बर राहिली असेल तर ती डोळ्यांआधी कातडीला कळते. मग गेज. 'गो'चं टोक भोकात गेलं पाहिजे, 'नो-गो'चं अडलं पाहिजे. एवढंच लिहिलं. विशेषण एकही नव्हतं, आणि मला ते पहिल्यांदा माझं वाटलं.

दुसऱ्या वर्षी आईवर लिहिलं. ती चाकणच्या कांदा मार्केटला निवडणीला जाते. मी लिहिलं, 'आई मोठे कांदे एकीकडे आणि छोटे कांदे दुसरीकडे टाकते.' मॅडमनी रेघ ओढली नाही, पण मलाच काहीतरी खटकत होतं. रविवारी वही घेऊन आईबरोबर गेलो. ढिगाशी बायका ओळीनं बसलेल्या, डोक्याला पदर घट्ट, पायांवर टरफलांचा लालसर भुगा. आईची बोटं इतकी झपझप चालत होती की कांदा हातात कधी आला आणि कुठल्या ढिगात गेला ते दिसेना. ती कांद्याकडे बघतही नव्हती, शेजारणीशी बोलत होती. मी गेजवर बसतो तेव्हा मान वर काढत नाही. आईला गेज लागतच नाही.

घरी आल्यावर तिला लेख वाचून दाखवला. माझं लिहिलेलं मी कधी कुणाला घरात वाचून दाखवलं नव्हतं. ती पोळ्या लाटत ऐकत होती. 'छोटे कांदे' आलं आणि लाटणं थांबलं.

"छोटे कांदे कुणी म्हणत नाही रे. गोल्टी."

मी खोडून 'गोल्टी' लिहिलं. तिनं पीठ लागलेल्या बोटांनी वही स्वतःकडे ओढली, वाक्य शोधून काढलं, एकदा मनात, एकदा मोठ्यानं वाचलं.

"आता बरं आहे," ती म्हणाली. "आणि डेंगळ्याचं काय लिहिलंस?"