खिडकीजवळची जागा

परभणीहून जिंतूर सुमारे ४५ किलोमीटर आणि तेथून नेमगिरी अवघे ३. डोंगरातील गुंफांच्या अरुंद दारांतून वाकून आत गेलेला यात्रेकरू भगवान नेमिनाथ व अंतरिक्ष पार्श्वनाथ यांच्या मूर्तींसमोर उभा राहिला की वेळेचे भान विसरतो. बाहेर येताच कलता सूर्य ते परत आणून देतो. डिसेंबरच्या आरंभी या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्यांच्या हाती मग पाऊण तासही उरत नाही.

जेवण राहून गेलेली मंडळी जिंतुरातील एखाद्या शाकाहारी भोजनालयात शिरतात आणि नेमकी रविवारची गर्दी असते. त्यांना पश्चिमेच्या खिडकीजवळचे टेबल हवे असते. त्यात हौस नसते. मावळतीकडे नजर ठेवून जेवता यावे, एवढाच हेतू असतो.

हक्काने मागितले, तर गल्ल्यावरचा माणूस गर्दीकडे बोट दाखवतो. "सूर्यास्ताच्या आत जेवण आटोपायचे आहे, अर्ध्या तासात जागा मोकळी करू," असे नम्रपणे सांगितले, तर अनोळखी कुटुंबही सरकून बसते. गडावर जातानाच सांगून ठेवले, तर अधिक बरे. दिलेल्या वेळी उठणे मात्र आलेच; पुढच्या यात्रेकरूची पत त्यावरच टिकते.

आणि जागा मिळालीच नाही, तर पाणी पिऊन निघावे. व्रत आपले, त्याचा भार दुसऱ्याच्या ताटावर पडू नये.