आठ बाइटांची अडचण

बंद पडलेला सर्व्हर चालू करणं मला कधीच अवघड वाटलं नाही. डिस्क गेली, पोर्ट चुकला, पासवर्ड बदलला, यांतलं काहीही असलं तरी कुठेतरी लाल अक्षरात लिहून येतं. मला छळते ती दुसरी तक्रार. "अगं, सर्व्हर दिसतोय, लॉगिनही झालं, पण फोटोंच्या जागी नुसत्या करड्या चौकटी आहेत आणि गोल फिरतंय." बेळगावहून ताई असं सांगते, तेव्हा साताऱ्यात आमच्या टीव्हीवर तेच सगळं सुरळीत चालू असतं.

आमच्या जेलीफिनवर, म्हणजे घरच्या मीडिया सर्व्हरवर, सिनेमे थोडेच आहेत. सासऱ्यांनी रेडिओवरून टेपवर घेतलेलं नाट्यसंगीत, व्हीएचएसवरून उतरवलेली लग्नं-मुंजी, गावच्या जत्रा. चुलत, मावस, सगळं गोत त्यावर येतं. बाहेरून यायची वाट मात्र वळणाची, कारण आमची फायबर लाईन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. राउटरच्या वॅनच्या पानावर १०० ने सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला पत्ता दिसला की पोर्ट फॉरवर्डच्या नादी लागायचं नसतं. म्हणून मुंबईत भाड्याचा छोटा सर्व्हर, त्यावर रिव्हर्स प्रॉक्सी, आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा टनेल.

वीज जाऊन आली की कधी सगळं नीट, कधी करड्या चौकटी. सेटिंग तेच, मशीन तेच. लॉगमध्ये अवाक्षर नाही. हँडशेक ताजा, पिंगला चटकन उत्तर. लॉगिन व्हावं आणि फोटो येऊ नयेत, याचा अर्थ लहान पॅकेट पोहोचतंय आणि मोठं वाटेत मरतंय. मग पिंगला आकार देऊन, तुकडे करायला मनाई करून बघत गेले. १३८० ला उत्तर आलं. १३८१ ला शुकशुकाट.

आमची लाईन ज्या पीपीपीओईवर जोडलेली आहे ते प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट घेतं, म्हणजे लाईनवर १५०० ऐवजी १४९२ च जातात. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, १४२०, आणि त्यावर त्याचं स्वतःचं वेष्टण: आयपीव्ही४ वरून ६० बाइट, आयपीव्ही६ वरून ८०. पहिल्या वाटेने बेरीज १४८०, ती आरामात जाते. दुसऱ्या वाटेने १५००. आठ बाइट जास्त. आणि टनेल उभा राहताना मुंबईच्या सर्व्हरचं नाव एकदाच शोधलं जातं. वीज आल्यावर त्या क्षणी राउटरला आयपीव्ही६ मिळालेलं असलं तर टनेल त्यावरून जातो, नसलं तर आयपीव्ही४ वरून. ताईचं नशीब त्या क्षणावर ठरत होतं.

आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेट कापत नाही. 'एवढं मोठं जाणार नाही' असा निरोप त्याने मागे पाठवायचा असतो. मी टीसीपीडम्प लावून बसले. तो निरोप एकदाही आला नाही. असे निरोप आयसीएमपीने येतात. आयसीएमपी म्हणजे धोका, ते सरसकट अडवा, असं शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे. नेटवर्कला बोलायला एवढी एकच भाषा आहे, आणि सुरक्षेच्या नावाखाली तीच बंद करतात.

दोन्ही टोकांना एमटीयू १४१२ केला आणि फोटो आले. तरीही आधीच्या पिंगचा हिशेब जुळत नव्हता. १४९२ मधून ८० गेले, पिंगचे २८ गेले, म्हणजे १३८४ पर्यंत उत्तर यायला हवं होतं. येत होतं १३८० पर्यंत. चालू झालं ना, मग सोड, असं घरचे म्हणत होते. मला त्या चार बाइटांनी जेवू दिलं नाही. वायरगार्ड आतला ऐवज सोळाच्या पटीत भरून घेतं. १३८० अधिक २८ म्हणजे १४०८, सोळाची नेमकी पट. त्यावर एक बाइट चढला की पॅकेट पुढच्या पटीकडे, पण एमटीयूची मर्यादा असल्याने थेट १४२० पर्यंत फुगतं आणि लाईनवर अडकतं. हे कागदावर जुळलं तेव्हा झालेला आनंद ताईचा व्हिडिओ लागल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता, हे कबूल करते.

हल्ली रविवारी सोसायटीतली एक मुलगी शिकायला येते, डिप्लोमाला आहे. तिच्यामुळे मला मनातले हिशेब मोठ्याने बोलावे लागतात, आणि बोलताना त्यांतला अहंकार ऐकू येतो. सगळं ऐकून ती म्हणाली, "काकू, टेलस्केल टाकलं असतं तर हे झालंच नसतं. ते तयार ॲप एमटीयू १२८० च धरतं." खरं आहे. आयपीव्ही६ ची कुठलीही लाईन १२८० बाइट वाहून नेण्याला बांधील असते. ताईच्या एलजीच्या टीव्हीवर टेलस्केल चालत नाही, हे माझं उत्तर तयार होतं. तिने लगेच विचारलं, "मग आपल्याच टनेलला १२८० ठेवा ना, १४१२ कशाला?" ताईला फरक कळला नसता, कुणालाच कळला नसता. १४१२ मला हवे होते, कारण ते मी मोजून काढले होते. आणि आतून अशीही इच्छा असते की काही अडलं तर फोन मलाच यावा.

माझी उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे प्रत्येक घराला नंबर होता आणि कुणीही कुणालाही लावू शकत होतं. इंटरनेटही तसंच असायला हवं होतं. आयपीव्ही४ चा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला. एप्रिल २०१२ मध्ये सीजीनॅटसाठी पत्त्यांचा वेगळा गट राखून ठेवला गेला, आणि घरं नुसती घेणारी झाली, देणारी राहिली नाहीत. जेलीफिनसारख्याच प्लेक्सने एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायला पैसे लावले. लोकांनी ते भरले, कारण वाट उघडायचं काम आता कुणाला करायचंच नाही. नवी पोरं तयार ॲप टाकतात आणि पुढे जातात. ती पोरं मूर्ख नाहीत. पण वाट कुठून जाते हे माहीत नसलेल्याला ती कुणी बंद केली तर तक्रारही करता येत नाही.

त्या मुलीचं पुढचं म्हणणं होतं की मुंबईच्या सर्व्हरच्या नावातून आयपीव्ही६ पत्ता काढूनच टाकू. ते मी होऊ देणार नाही. आमच्या घराला खरा नंबर आयपीव्ही६ वरच आहे, आणि ताईच्या लाईनलाही आयपीव्ही६ मिळतं. मला मुंबईच मधून काढायची आहे: ताईचा टीव्ही आणि आमचा सर्व्हर, थेट. लाईन तुटून जोडली की आमचा पत्ता बदलतो, त्यासाठी नाव अद्ययावत करणारी स्क्रिप्ट तिने लिहिली, आणि चांगली लिहिली. अडलंय ते नेटवाल्याच्या राउटरवर. त्यात बाहेरून येणारी आयपीव्ही६ जोडणी आत घ्यायची सोयच नाही. तो ब्रिज मोडला टाकून मागे माझा राउटर लावायचा, तर पीपीपीओईचा पासवर्ड लागतो. तो मागितला आहे, अजून दिलेला नाही.